उरलेली नळी

बुधवारी जुन्या बाजारात, फाटक्या ताडपत्रीवर
शिलाई मशीनचं चाक आणि एक बिनकाट्याचं घड्याळ
यांच्या मधोमध तो पडला होता,
बलेनोचा इनटेक मॅनिफोल्ड:
चार वाकड्या बोटांचा ॲल्युमिनियमचा हात.
विकणारा म्हणाला, अठराशे.
मी एका नळीत फुंकर मारली,
दुसऱ्या टोकाला तळहात धरून पाहिला
आणि म्हटलं, सातशे.
नऊशेला सुटला.

माझी एस्टीम दोन हजार एकची.
पौड फाट्याला सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न सुरू होतात,
आणि ती आधी विचार करते, मग हलते.

एकोणीस वर्षं मी चिंचवडला टेस्ट सेलमध्ये काढली.
काचेपलीकडे इंजिनं किंचाळायची,
काचेअलीकडे मी आकडे लिहायचे.
मग एका शुक्रवारी आमचा अख्खा विभागच
एका पाकिटात मावला.

कासारवाडीच्या गफूर शिकलगारने
जुन्या इंजिनाला नवा मॅनिफोल्ड बसावा म्हणून
मधली पट्टी कापून दिली. भोकं मोजताना म्हणाला,
"मॅडम, बोळात माणूस झपझप चालतो,
मैदानात आला की रेंगाळतो. हवेचं तसंच.
नळी रुंद केलीत तर खालच्या गिअरला रुसेल."
हा आलेख मी हजारदा काढला होता.
त्यात बोळ आहे, मैदान आहे,
हे कधी दिसलं नव्हतं.

तरी केलंच.
पार्किंगमध्ये, जुनी चादर अंथरून.
तिसऱ्या मजल्यावरचा तन्वेश बोल्ट सांभाळायला,
क्रम चुकू नये म्हणून अप्पेपात्रात,
एका खळग्यात एकाच जागचे.
पट्टीची कड कानशीने घासली
गॅस्केटच्या रेघेपर्यंत, रेघ न ओलांडता.
हातांवर चंदेरी भुकटी, चहाच्या कपावर तिचीच बोटं.
बोल्ट आवळले मधून बाहेर, आळीपाळीने,
जसं रडणाऱ्या पोराला एकदम नाही, हळूहळू कवटाळतात.

पहिल्या स्टार्टला सूं सूं.
रबरी नळीचं एक टोक कानात घालून ऐकत गेले:
तिसरा पोर्ट. अर्धा आटा.
मग ती एकसुरात बोलायला लागली.

"काकू, ही एक राहिली," तन्वेश म्हणाला.
बोटाएवढी जाड, काळी, आतल्या पत्र्यातून आलेली.
नव्या मॅनिफोल्डला तिच्यासाठी तोंडच नव्हतं.
मी तिच्यात एक बोल्ट खुपसला. बघू नंतर.

पहाटे साडेपाच. निघताना ब्रेक जड लागला,
म्हटलं, पायच दमलाय.
कात्रजचा जुना घाट. चार हजारांच्या पुढे
ती अशी ओढायला लागली
की मी एकटीच गाडीत मोठ्यांदा आकडे वाचत सुटले,
चार-पाचशे, पाच हजार, पाच-दोनशे,
लिहून घ्यायला कुणी नाही.

बोगदा संपला, उतार लागला.
वळणावर दुधाच्या किटल्या लादलेली एक एम-एटी.
पेडलवर पाय ठेवला.
पेडल नव्हे, उंबरठा.
दोन्ही पायांनी उभी राहिले त्यावर, हँडब्रेक छातीशी,
आणि किटलीच्या बुडाशी, वीतभर आधी, थांबले.
दूधवाला वळून म्हणाला,
"नवीन शिकताय का?"

टेस्ट सेलमधल्या इंजिनाला गाडी नसते.
त्याला कुठं पोचायचं नसतं, कुणासाठी थांबायचं नसतं.
बटण दाबलं की ते गप्प.
ती काळी नळी ब्रेकची होती.
इंजिन ज्या ओढीने हवा आत घेतं
तीच ओढ उसनी घेऊन ब्रेक लागतात,
हे मला पुस्तकात ठाऊक होतं,
पायाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या गिअरमध्ये, कडेकडेने घरी आले.
गफूरने भोक पाडलं, आटे काढले, पितळी तोंड बसवलं.
पन्नास रुपये. बोलला काहीच नाही,
फक्त तो खुपसलेला बोल्ट माझ्या हातावर ठेवला.

पौड फाट्याला ती आता
पूर्वीपेक्षाही जास्त विचार करते.
हॉर्न वाजतात. वाजोत.
रविवारी अप्पे केले. पात्र तीनदा घासून घेतलं,
तरी एका खळग्यातल्याला किंचित पेट्रोलचा वास.
तो मी तन्वेशला दिला नाही.